बरणीवरचा दगड

"म्हाळसे, तुझ्या नवऱ्याला सांग, जावयाची जागा ओसरीवर असती. चा प्यावा, पान खावं, न्हायतर उताणं पडून पत्र्याची भोकं मोजावीत. चुलीफुडं त्येचं काय काम?"

ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो महिपती गोजरबाईपासून दोन हातांवर उकिडवा बसला होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता आणि यावा म्हणूनच गोजरबाई बोलत होती. पण अंथुर्ण्याच्या त्या घरात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. पदर कपाळापर्यंत ओढायचा, नजर भिंतीवर ठेवायची आणि मधे कुणाला तरी घालून बोलायचं, ही तिच्या सासूची रीत. तिनं ती जशीच्या तशी पाळली होती. मधे लेक असली तर लेक, नसली तर मांजर. एकदा तर "शेळे, पावन्यांना म्हणावं, ताट वाढलंय" असं तिनं दावणीच्या शेळीला सांगितलं होतं आणि महिपती निमूट उठून पाटावर जाऊन बसला होता.

"आये, मिरी कुटायला दगूड पायजे हुता त्यास्नी," म्हाळसा म्हणाली.

"पाटा हाय, वरवंटा हाय, खलबत्ता हाय. बरणीवरचाच बरा गावला?"

लोणच्याच्या मोठ्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे आणि त्या फडक्यावर एक काळा, गुळगुळीत, नारळाएवढा दगड कायम बसलेला असे. तो उचलून महिपतीनं त्यानं मिरी ठेचली होती. गोजरबाईनं हात पुढं केला नाही, नुसती बघत राहिली. महिपतीनं दगड जमिनीवर ठेवला आणि मागं सरला. मग तिनं तो उचलला, पदरानं पुसला, हुंगला, पुन्हा पुसला आणि बरणीवर नेऊन ठेवला. आईला दगडाचं एवढं काय लागलं, हे म्हाळसेला कळेना. गेल्या साली म्हैस मेली तेव्हाही ती एवढी गप्प झाली नव्हती.

महिपती लोणी भापकर गावचा. लग्न ठरताना मध्यस्थानं सांगितलं होतं की, पोरगा पुण्यात मोठ्या हॉटेलात हुद्द्यावर आहे. हुद्दा कोणता ते गोजरबाईनं विचारलं नाही. गावात मात्र मॅनेजर म्हणून सांगून टाकलं. महिन्याभरात कळलं की मॅनेजर वेगळा असतो आणि महिपती दारूच्या फळीपुढं उभा राहतो, गिऱ्हाइकाला हवी ती दारू हवी तशी कालवून देतो. तोवर मॅनेजर गावभर झाला होता. मग तिनंही तो मोडला नाही. कुणी विचारलं तर जावयाच्या हाताखाली बारा माणसं आहेत म्हणायची, आणि दर दिवाळीला त्यात एकदोन भर घालायची. राग मात्र ज्याच्यापायी थाप मारावी लागली त्याच्यावर धरला.

त्याला दोन वर्षं झाली. पुण्यात महिपती चौघांबरोबर एका खोलीत राहत होता, तिथं बायको कुठं ठेवणार? म्हाळसा माहेरीच राहिली. लग्नातली नाव घातलेली भांडी पोत्यात शिवून माळ्यावर पडली होती. गाव तोंडावर तिला 'मॅनेजरीणबाई' म्हणायचं आणि पाठीमागं 'टाकली' म्हणायचं.

आता कुठं एक वाट दिसली होती. बारामतीला एमआयडीसीच्या बाजूला नवीन हॉटेल उघडत होतं. तिथल्या बारवर मुख्य माणूस हवा होता. मालकानं दोघांना बोलावलं होतं. एक महिपती, दुसरा मुंबईचा, तोंडात इंग्रजी खळखळणारा. गुरुवारी कंपन्यांचे साहेब लोक जमणार होते आणि त्यांच्यापुढं दोघांनी एकच दारू करायची होती. तिचं नाव ब्लडी मेरी. टोमॅटोचा रस, त्यात वोडका म्हणून एक बिनवासाची दारू, लिंबू, मिरी, तिखट आणि मीठ. साऱ्या जगात ती अशीच करतात. पण मालकानं अट घातली होती, "ती कुठंबी मिळती. माझ्याकडं पिली तर माणसाला कळलं पायजे, आपण बारामतीला आलोय." ज्याची सरस ठरेल त्याला ती जागा. आणि जागेबरोबर हॉटेलाच्या मागं दोन खोल्या.

पुण्याच्या भाड्याच्या खोलीत चूल नाही, म्हणून महिपती सोमवारी सकाळच्या एसटीनं सासुरवाडीला आला होता, पिशवीत बाटल्या घेऊन.

बाटली बघताच गोजरबाई मांजराला म्हणाली होती, "मने, हे घरात न्हाय चालायचं." तेव्हापासून वोडका गोठ्यात, कडब्याच्या पेंढीमागं होती. बाकी सगळं चुलीपुढं.

तिच्या पोटात दोन गोष्टी एका वेळी चालल्या होत्या आणि त्या एकमेकींना भिडत होत्या. लेक नांदायला जावी, एक. आणि जावई बारामतीला येऊ नये, दुसरी. पुणं लांब होतं. पुण्यात कोण कुणाला बघतो? बारामतीला मात्र अंथुर्ण्याचं कोण जात नाही? बाजाराला, दवाखान्याला, ट्रॅक्टरच्या सामानाला, रोज कुणी ना कुणी. त्यातला एखादा हमखास त्या बारमधे शिरणार, समोर गोजरबाईचा मॅनेजर जावई पेले पुसत उभा दिसणार आणि संध्याकाळच्या गाडीनं बातमी गावच्या पारावर उतरणार.

हे ती कुणाला सांगत नव्हती. मांजरालासुद्धा नाही.

शिमगा पंधरा दिवसांवर होता आणि चिंच फोडायचे दिवस होते. दुपारी शेजारची सारजा आपला दगड घेऊन ओट्यावर आली. दोघी चिंचा फोडायला बसल्या, टरफल एकीकडं, चिंचोके एकीकडं. आतून टोमॅटो चिरल्याचा, भांड्यांचा आणि महिपतीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"काय गं गोजरे, जावईबापू चुलीफुडं?"

"नव्या हॉटेलात सैपाक्याला शिकवायचंय त्यास्नी. मॅनेजरला समदं यावं लागतं."

"व्हय बया," सारजा म्हणाली. तिनं एक चिंच फोडली, चिंचोका काढला, तो निरखून बघितला. "डोळ्यातनं पाणी गाळत कांदा चिरणारा मॅनेजर मी आजच बघितला."

"तू मॅनेजर बघितल्यात किती?"

"ह्योच की."

आत महिपती एक पेला म्हाळसेपुढं धरत होता. त्यात दारू नव्हती, नुसतं बाकीचं. म्हाळसा घोट घ्यायची आणि तोंड वाकडं होऊ नये म्हणून डोळे मिटायची. सकाळपासूनचा हा सहावा पेला. पहिल्यात तिखट फार झालं होतं, दुसऱ्यात लिंबू. तिसऱ्यात त्यानं काळं तिखट घातलं तर ते तळाला चिखलासारखं बसलं. चौथा आणि पाचवा शेळीनंही हुंगून सोडला होता.

"बरं हाय," म्हाळसा म्हणाली.

"खरं सांग."

"कच्चं लागतंय वो. आजाऱ्याला द्यायचं पानी वाटतंय."

सारजा गेली तशी गोजरबाई आत आली. टोमॅटोच्या चोथ्याचा ढीग बघून तिचा जीव कळवळला. "म्हाळसे, इचार त्यास्नी, मळा मोकळा करायचा इचार हाय का?"

महिपती उठून बाहेर गेला. म्हाळसा मात्र जागची हलली नाही. हातातला पेला तिनं हळूच खाली ठेवला.

"आये, तुला त्येंची रीत नडत न्हाय. तुला भ्या वाटतंय."

"मला? कशाचं?"

"बारामतीचं. लोक बघत्याल म्हनून. माझी भांडी पोत्यात काळी पडली तर चालंल, पर तुझा मॅनेजर पडाय न्हाय पायजे."

गोजरबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. लेक माळ्याकडं बघत होती. तिथून पोत्याचा एक कोपरा खाली लोंबत होता आणि त्याला उंदरानं कुरतडलेलं गोजरबाईला आत्ताच दिसलं.

मंगळवारी सकाळी नवरा रोजच्यासारखा मळ्याकडं गेल्यावर ती न्हाऊन, कपाळ भरून कुंकू लावून आली आणि चुलीपुढं बसली. महिपती आधीच तिथं होता. त्याला बघून तिनं पदर ओढला, पण उठली नाही. त्याच्या पिशवीतून एक छोटी काळ्या सॉसची बाटली डोकावत होती. तिनं ती उचलली, बूच काढून हुंगली.

"चूलबाई," ती म्हणाली, "ह्यात चिंच हाय गं. शिळी, बाटलीत कोंडलेली. आन् मासळी हाय. इचार, काय किंमतीची हाय ही?"

महिपतीनं चुलीकडं बघूनच सांगितलं, "लंडनची असती मामी. लई महाग. ती घातल्याबिगार ब्लडी मेरी व्हत न्हाय."

"घरात दोन पोती चिंच पडलीया, आन् चिंच लंडनची आणायची." गोजरबाईनं बाटली बाजूला सारली. "चूलबाई, ही दारू एका बाईच्या नावानं काढली म्हनं. आन् बाईला तिखटमीठबी कुनी धड घातलं न्हाय. म्हाळसे, चिंच आण. नवी नगं, नवी नुसती आंबट असती. गेल्या सालची काळी आण, गाडग्यातली."

मग तिनं पदर खोचला. टोमॅटो चिरू दिले नाहीत. निखाऱ्यावर अख्खे ठेवले, साल फुटून काळी पडेपर्यंत भाजले, सोलले, हातानं कुस्करले आणि धुवट फडक्यातून पिळले. रस विटेसारख्या रंगाचा आला. त्यात जुन्या चिंचेचा कोळ. काळं तिखट तिनं तसंच घातलं नाही, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रसात सोडलं. "चव उतरंल, गाळ न्हाय उतरायचा," असं तिनं चुलीला समजावलं. शेवटी ती उठली, हात पुन्हा धुतले, बरणीवरचा दगड दोन्ही हातांनी बाजूला ठेवला, फडकं सोडलं आणि कैरीच्या लोणच्याचा पळीभर खार काढून रसात घातला.

महिपतीनं बोटानं चाखलं.

"काय म्हनत्यात?" तिनं चुलीला विचारलं.

"म्हनत्यात, अजून काय तरी पायजे." तो दबकत म्हणाला. "चांगलंय मामी. लई चांगलंय. पर हे सार झालं. गरम भातावर घ्यावं वाटतंय. पेल्यात घेतलं तर मानसानं पेला खाली ठेवू ने, असं काय तरी."

जावई चूक काढतो याचा तिला राग यायला हवा होता. पण तिनंही चाखलं, आणि तो म्हणतो ते खरं होतं. काय कमी आहे तेही तिला त्याच घोटाला कळलं. वीस वर्षं झाली ती चव तिनं कुणाच्या ताटात पडू दिली नव्हती.

"म्हाळसे," ती म्हणाली, "ह्याला दगूड दिला पायजे."

म्हाळसेला काही उमगलं नाही. महिपतीला मात्र उमगलं. तोही मेंढपाळाच्याच घरातला, त्याच्या आजीच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं. तो ताडकन उठला, कॅनॉलच्या कडेला पळाला आणि एक छान गोल गोटा घेऊन आला. चुलीत घालून बसला. गोजरबाई पाठमोरी टोमॅटो सोलत होती, तिला दिसलं नाही. घटकेत चुलीतून बार उडाल्यासारखा आवाज झाला. राख, निखारे आणि दगडाच्या कपच्या घरभर. शेळी दावं तोडून ओट्यावर. रसाच्या पातेल्यात पसाभर राख.

महिपतीच्या एका भुवईचे केस जळले होते.

"मने, बघ गं," गोजरबाई मांजराला म्हणाली, पण मांजर पळालं होतं. तशी ती भिंतीला म्हणाली, "पान्यातला दगूड चुलीत घालत्यात व्हय? त्येच्या पोटात पानी असतं. मेंढक्याचं पोरगं, आन् एवढं ठावं न्हाय."

तिला हसू यायला लागलं. ते दाबायला ती बरणीकडं वळली आणि तोच काळा दगड घेऊन आली. चुलीपुढं बसली. पुन्हा विस्तव केला, दगड निखाऱ्यात ठेवला, वर गोवऱ्या रचल्या. दगड तापेपर्यंत दुसरे टोमॅटो भाजायचे होते. हात चालू होते, आणि ती चुलीला सांगत होती.

"लगीन झालं तवा मी बारा वर्षांची. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं, जेठात माघारी. आज हितं तळ, उद्या तितं. तेलाला कुठला पैका, आन् फोडनीला कुठला येळ? म्हाळसेच्या बानं ह्यो दगूड घाटाखाली एका जळल्या रानात उचलला. म्हनला, ह्यो आगीतनं निघालाय, ह्यो फुटायचा न्हाय. रोज सांजच्याला तापवायचा, आन् चिंचंच्या पान्यात, ताकात, असंल त्यात सोडायचा. तीच फोडनी. अठरा वर्सं खाल्लं. मग कॅनॉलचं पानी आलं, जमीन पिकली, घर झालं. गावात आमाला मेंढकी म्हनायचं कमी झालं. तवा मी म्हनलं, ह्या दगडाची चव आता ह्या घरात नगं. बरणीवर ठिवला. टाकवला मात्र न्हाय."

म्हाळसा भाजलेला टोमॅटो हातात धरून ऐकत होती. तिला वाटायचं तो बरणीचा दगड आहे.

दगड बाहेरून काळाच दिसत होता, पण हात जवळ नेला तर तळवा ओढून घ्यावा लागे. गोजरबाईनं चिमट्यानं तो उचलला, राख फुंकली आणि रसात सोडला. चर्र असा लांब आवाज झाला. रस दगडाभोवती उकळून उठला आणि घरात एक वास पसरला, धुराचा, चिंचेचा, भाजक्या मातीचा. महिपतीनं डोळे मिटले. त्याची आजी जाऊन आठ वर्षं झाली होती.

रस निवायला ठेवला. म्हाळसेनं स्टँडवरच्या गुलजारभाईच्या सोड्याच्या दुकानातून भुश्यात गुंडाळलेला बर्फ आणला. मग महिपती गोठ्यात गेला आणि खरी दारू कालवून आला. काठाला मीठ आणि तिखट लावलेला पेला, आत पातीच्या कांद्याची एक काडी. तो ओट्याच्या कडेला उभा राहिला. उंबरा ओलांडला नाही.

"शेळे," तो म्हणाला, "मामींना इचार, एक थेंब चाखतील का? माझी जीब रोज चाखून मेलीया. मला आता खरं कळत न्हाय."

गोजरबाईनं पदर आणखी पुढं ओढला. नंतर म्हणाली, "म्हाळसे, तुझ्या येळंला सुईनीनं मला दोन चमचं ब्रँडी पाजली हुती. ती औषिद हुती."

"मग हेबी औषिद समज."

तिनं करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. भुवया वर गेल्या. पुन्हा बुडवली.

"ही दारू आंबट खाऊन टाकती. खार वाढवाय सांग, एका पेल्याला अर्धा चमचा. आन् तिखट घशात बसतंय, ते जिबंवर बसाय पायजे. कमी करा." थोड्या वेळानं तिनं आणखी एकदा करंगळी बुडवली. "आता चव बघत न्हाय मी. खार किती लागंल त्येचा अंदाज घेतीया."

बुधवारी दुपारच्या एसटीला महिपती निघाला. रसासाठी भाजलेले टोमॅटो, चिंचेचा कोळ आणि खाराची बाटली पिशवीत भरली होती. दगड मागायची त्याची छाती होत नव्हती. गोजरबाई आत गेली, बरणीजवळ उभी राहिली. बरणीवर दगड नाही असा एकही दिवस त्या घरानं पाहिला नव्हता. शेवटी तिनं एक विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून बरणीवर ठेवला आणि दगड म्हाळसेच्या हातात दिला.

"सांग त्यास्नी, उकळत्या रसात न्हाय टाकायचा, निवलेल्यात. आन् पान्यानं लगीच धुवायचा न्हाय, आपसूक गार हुं द्यायचा."

गुरुवार गेला. गोजरबाईनं दिवसभर एकही चिंच फोडली नाही, मात्र शेळीला तीन वेळा चारा घातला.

शुक्रवारी दुपारी ती, म्हाळसा आणि सारजा ओट्यावर होत्या. स्टँडच्या बाजूनं महिपती चालत येताना दिसला. म्हाळसा उठून दाराच्या खांबाला धरून उभी राहिली. गोजरबाईनं पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. महिपती आला, चपला काढल्या, पिशवी हळूच खाली ठेवली.

"शेळे," तो म्हणाला, "मामींना सांग, एक तारखेपासनं बोलावलंय. एका खोलीत गळतं म्हनं, मालक दुरुस्त करून देनार हाय."

म्हाळसेनं वळून माळ्यावरच्या पोत्याकडं बघितलं.

त्यानं बाकीचं तुटक तुटक सांगितलं. मुंबईवाल्यानं दगड बघून हसून घेतलं होतं. पण सकाळी भटारखान्यात दगड रसात पडला तेव्हा वासानं मालक वरच्या मजल्यावरून खाली आला. साहेब लोकांतल्या एकाला ठसका लागला आणि त्यानं पाणी मागितलं. दुसऱ्यानं मात्र दुसरा पेला मागितला आणि विचारलं, हे कुठं शिकलास?

"मग?" सारजेनं विचारलं. "काय सांगितलं?"

"आमच्या मामींनी शिकवलं म्हनलं."

सारजा सरसावून बसली. तिच्या डोळ्यांत चमक आली. "मग बारामतीला मॅनेजर म्हनूनच आलं का जावईबापू?"

महिपतीनं एकदा सासूच्या पाठीकडं बघितलं, आणि नजर खाली घेतली.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच समजा."

गोजरबाईनं हातातली चिंच खाली ठेवली. दोन वर्षं ती ज्या माणसावर थापेपायी राग धरून होती, तो आज तीच थाप तिच्यासाठी आपल्या अंगावर घेत होता. आणि सारजेपुढं, जी सगळं जाणून होती.

"न्हायती," गोजरबाई म्हणाली. "सारजे, मॅनेजर न्हायती ते. कवाच नव्हतं. दारू कालवत्यात, लोकांस्नी घालत्यात. बारामतीला जाशील तवा बघून ये. मी सांगत हुते ती थाप."

"आन् हाताखालची बारा मानसं?"

"तीबी माझीच."

सारजा चिंचोके गोळा करू लागली, जे आधीच गोळा केलेले होते.

महिपतीनं पिशवीतून हॉटेलच्या पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. गाठ सोडली. दगड घासून, पुसून लख्ख केला होता. त्यावर राखेचा कण नव्हता.

"मालक म्हनलं, ह्यो बारवर ठिवून जा, शोभंल," तो शेळीला म्हणाला. "मी न्हाय म्हनलं. मामींच्या बरणीवरचा हाय म्हनलं. मालक म्हनलं, मग रोजच्याला कसं करशील? मी म्हनलं, मामींना इचारून माझा मी शोधीन."

तो दगड दोन्ही हातांत धरून उंबऱ्याबाहेर थांबला. आत पाय टाकला नाही.

गोजरबाई उठली. कपाळावरचा पदर तिनं मागं सारला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच जावयाच्या तोंडाकडं बघितलं. एका भुवईचे केस अजून उगवले नव्हते.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमची दारू कशी झाली, ते साहेबांस्नी ठावं. मला एवढं कळतं, दुसऱ्याची वस्तू त्येनं मागायच्या आदी घासूनपुसून परत आणणारा मानूस कामाचा असतो. माझी लेक घिऊन जावा. आन् चुलीफुडं याया हितनं फुडं कुनाला इचारायचं न्हाय. दगूड तुमच्या हातानं ठिवा बरणीवर. पर आदी हातपाय धुवा, लोणचं हाय."